गोठा, खाचर आणि पोल्ट्री : पेण-रोह्यातील प्राणिजन्य साथींची ओळख

आषाढात पेणच्या खारेपाटात आणि रोह्याच्या कुंडलिका खोऱ्यात भाताची लावणी सुरू होते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी या दोन तालुक्यांतील दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. त्यांतील बहुतेकांना साधा विषाणुजन्य ताप असतो, काहींना मलेरिया किंवा डेंगी. थोड्यांचा ताप मात्र निराळा असतो. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही, डोळे लाल होतात पण त्यांतून घाण येत नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लघवी कमी होऊ लागते. हा ताप माणसाकडून माणसाला आलेला नसतो, डासानेही आणलेला नसतो. तो उंदीर, गाय, म्हैस, बैल, डुक्कर किंवा कुत्रा यांपैकी एखाद्याच्या मूत्रातून शेतातल्या पाण्यात उतरलेला असतो आणि पायाच्या भेगेतून शरीरात शिरलेला असतो.

जनावरांपासून माणसाला होणाऱ्या रोगांना वैद्यकशास्त्रात ‘झुनोसिस’ म्हणतात. मराठीत त्यांना ‘प्राणिजन्य आजार’ असा शब्द रूढ झाला आहे. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के रोग मुळात प्राण्यांचे आहेत, आणि अलीकडच्या काळात नव्याने उद्भवलेल्या रोगांत तर हे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश आहे, असे जगभरचे आरोग्यतज्ज्ञ सांगतात. शहरातल्या वाचकाला हे आकडे दूरचे वाटतात. परंतु मुंबईकराच्या ताटातली कोंबडी अनेकदा रायगड जिल्ह्यातल्या शेडमधून येते, आणि जी साथ गावच्या गोठ्यात सुरू होते ती महामार्गाने दोन-तीन तासांत शहरात पोहोचू शकते. त्यामुळे पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या निमित्ताने या विषयाची ओळख करून घेणे योग्य ठरेल.

लेप्टो : खाचरातला ताप

लेप्टोस्पायरोसिस हे नाव मुंबईकरांच्या तोंडी बसले ते २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लाखो लोक तासन्‌तास गढूळ पाण्यातून चालत घरी गेले आणि ऑगस्टमध्ये रुग्णालये तापाच्या रुग्णांनी भरली. वृत्तपत्रांनी तेव्हा या रोगाला ‘शहरी’ करून टाकले. वस्तुतः हा रोग शेतकऱ्यांचा आहे. जपानमध्ये १९१५च्या सुमारास इनादा आणि इदो या संशोधकांनी त्याचा जंतू शोधला, तो कोळशाच्या खाणीतील मजुरांच्या आजाराचा माग काढताना. त्याआधी १८८६ मध्ये जर्मनीतील आडोल्फ वाईल या वैद्याने कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या तापाचे वर्णन केले होते, म्हणून या रोगाच्या उग्र स्वरूपाला आजही ‘वाईलचा आजार’ म्हणतात. भातशेतीच्या देशांत तर त्याला भातखाचराचा ताप अशीच नावे आहेत.

जंतू आहे मळसूत्रासारखा पीळदार. तो जनावराच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत घर करून राहतो. उंदराला त्याचा काहीच त्रास होत नाही, पण त्याच्या मूत्रातून तो महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो. गाई-म्हशींना कधी ताप येतो, दूध आटते, गाभण जनावर गाभडते. पुष्कळदा मात्र वरून काहीच दिसत नाही. ओलसर, उबदार आणि फारशी आम्ल नसलेल्या मातीत, साचलेल्या गोड्या पाण्यात हा जंतू आठवडेच्या आठवडे जगतो. कोरड्या जमिनीत तो लवकर मरतो, खाऱ्या पाण्यातही फार काळ तग धरत नाही.

येथेच खारेपाटाची गोष्ट सुरू होते. पेण तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली खारभूमी. उन्हाळ्यात या जमिनीवर मिठाची पांढरी साय दिसते. पावसाळ्यात मात्र वरून पडणाऱ्या पाण्याने खार धुऊन निघतो, उघाड्यांतून ते पाणी ओहोटीला बाहेर सोडले जाते आणि जुलैपर्यंत खाचरात भातापुरते गोडे पाणी उभे राहते. जे पाणी भाताच्या रोपाला मानवते तेच लेप्टोच्या जंतूलाही मानवते. बांधांच्या बिळांत उंदीर असतात, बांधावर गुरे चरतात, घराला लागून गोठा असतो, आणि पावसाच्या पहिल्या मोठ्या लोंढ्याबरोबर गोठ्यातले सगळे काही खाचरात येते.

रोह्याचे चित्र थोडे वेगळे आहे. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी कुंडलिकेत येते, डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवले जाते आणि कालव्यांनी रोहा-माणगावकडच्या शेतांना मिळते. त्यामुळे या पट्ट्यात उन्हाळी भातही होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वरदानच. पण जमीन वर्षातून दोनदा ओली राहते, हे तापाच्या रुग्णाकडे पाहणाऱ्या डॉक्टरनेही लक्षात ठेवायला हवे. लेप्टो म्हणजे फक्त पावसाळा, हे समीकरण येथे पुरेसे नाही. नागोठण्याची अंबा नदी आणि रोह्याची कुंडलिका या दोन्ही नद्यांना महापुरांचा इतिहास आहे. जुलै १९८९ मध्ये अंबेने नागोठण्यात घातलेले थैमान जुन्या लोकांच्या अजून आठवणीत आहे. पूर ओसरल्यावर चिखल उपसणारी माणसे ही लेप्टोच्या दृष्टीने लावणीच्या मजुरांइतकीच जोखमीची असतात, आणि बहुधा अनवाणी असतात.

लावणीच्या दिवसांत सहा-आठ तास चिखलात उभे राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, भेगाळते. सरकारी माहितीपत्रकांत ‘शेतात काम करताना गमबूट वापरावेत’ असे छापलेले असते. चिखलणी झालेल्या खाचरात गमबूट घालून लावणी करून पाहिल्याशिवाय ही सूचना लिहिली गेली असावी. बूट चिखलात रुततो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. त्यात पाणी शिरले की चालणेच अशक्य. रोजंदारीवर लावणी करणाऱ्या बायकांनी ती सूचना पाळली नाही यात त्यांचा दोष नाही. त्यापेक्षा पायाला खोबरेल किंवा दुसरे एखादे तेल चोपडणे, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावणे, कामावरून आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करणे आणि चिखल्यांवर वेळीच औषध लावणे हे उपाय साधे आहेत आणि होण्यासारखे आहेत. त्यांनी संपूर्ण संरक्षण मिळत नाही, पण जंतूचा दरवाजा अरुंद होतो.

दुसरा उपाय गोळीचा. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त प्रतिजैविक आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम या मात्रेत घेतल्यास जोखमीच्या काळात आजार टळू शकतो. सिंधुदुर्गात, जेथे लेप्टोने अनेक वर्षे बळी घेतले, तेथे आरोग्य खात्याने शेतकऱ्यांना पावसाळ्यात या गोळ्या वाटण्याची पद्धत पाडली. मुंबई महापालिकाही तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेण्याचे आवाहन दरवर्षी करते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे औषध असते. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपण घेण्याचा हा विषय नव्हे.

जंतू शरीरात शिरल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांत ताप येतो. पहिल्या आठवड्यात नेहमीची प्रतिपिंडांची तपासणी नकारात्मक येऊ शकते, कारण रक्तात प्रतिपिंडे तयार होण्यास पाच-सात दिवस लागतात. रुग्ण मग सुटकेचा नि:श्वास टाकून घरी जातो. येथेच घात होतो. लेप्टोवर पेनिसिलिन, सेफ्ट्रायॅक्सोन, डॉक्सिसायक्लिन अशी जुनी, सर्वत्र मिळणारी औषधे चालतात; पण ती आरंभी द्यावी लागतात. मूत्रपिंडे थांबली किंवा फुप्फुसांत रक्तस्राव झाला की प्रकरण डायलिसिस आणि कृत्रिम श्वसनयंत्रापर्यंत जाते, आणि तालुक्याच्या गावाहून अलिबाग, पनवेल किंवा मुंबई गाठेपर्यंत जो वेळ जातो तोच जीवघेणा ठरतो. त्यामुळे जाणते डॉक्टर शेतमजुराच्या तापात अहवालाची वाट पाहत नाहीत. कामाचे स्वरूप विचारतात, पोटऱ्या दाबून पाहतात आणि औषध सुरू करतात.

या सगळ्यात जनावराचा विचार कोठेच नाही, ही खरी उणीव आहे. माणसाला लेप्टो झाला की त्याच्या घरी उंदरांसाठी औषध ठेवले जाते; गोठ्यातल्या म्हशीचे रक्त तपासले गेले असे क्वचितच घडते. न्यूझीलंडमध्ये एके काळी दूध काढणाऱ्यांना लेप्टो होण्याचे प्रमाण मोठे होते. तेथे १९८०च्या आसपास दुभत्या गाईंनाच लस टोचण्याची मोहीम हाती घेतली गेली आणि माणसांमधील रुग्ण झपाट्याने घटले. भारतात माणसांसाठी लेप्टोची लस उपलब्ध नाही. अशा वेळी गाई-म्हशींचा विचार अधिकच व्हायला हवा.

नवापूरपासून चिरनेरपर्यंत

पेण, पनवेल, कर्जत, खालापूर, रोहा या तालुक्यांत रस्त्यापासून थोडे आत गेले की लांबलचक, दोन्ही बाजूंना जाळी लावलेल्या शेड दिसतात. ही ब्रॉयलर कोंबड्यांची पोल्ट्री. भाताच्या गिरणीतले तूस जमिनीवर अंथरायचे, त्यावर एक दिवसाची पिले सोडायची आणि सहा आठवड्यांच्या आसपास दोन-अडीच किलोचा पक्षी तयार करून गाडीत भरायचा. बहुतेक ठिकाणी हा व्यवसाय कराराने चालतो. पिले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. वाढवणीचा दर किलोवर मिळतो. भातावर भागत नाही म्हणून अनेक तरुणांनी कर्ज काढून शेड बांधल्या, आणि मुंबईची बाजारपेठ जवळ असल्याने त्या चालल्याही.

एकाच वयाचे, एकाच वाणाचे हजारो पक्षी एका छपराखाली असणे ही विषाणूला मेजवानीच असते. भारताला याचा पहिला धडा मिळाला तो महाराष्ट्रातच. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात जानेवारी-फेब्रुवारी २००६ मध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या. सुरुवातीला हा नेहमीचा मानमोडी रोग, म्हणजे राणीखेत, असा समज झाला. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील पहिला एच-५ एन-१ बर्ड फ्लू जाहीर झाला. पाठोपाठ जळगाव, शेजारच्या गुजरातेतील उच्छल आणि मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर येथेही तो आढळला. सुमारे दहा लाख पक्षी नष्ट करण्यात आले. पांढऱ्या पोशाखातल्या, तोंड झाकलेल्या माणसांची छायाचित्रे तेव्हा देशभर छापली गेली. नवापूरच्या माणसांचे रक्त व घशातील नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासले. एकालाही लागण झालेली नव्हती.

तेव्हापासून ‘बर्ड फ्लू भारतात माणसाला होत नाही’ असा एक सोयीचा समज रूढ झाला. तो आता टिकणारा नाही. पक्ष्यांच्या फ्लूचा तुलनेने सौम्य भाऊबंद असलेला एच-९ एन-२ हा विषाणू भारतात माणसात प्रथम सापडला तो २०१९ मध्ये, आणि तोही अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात. रुग्ण होता अवघ्या सतरा महिन्यांचा मुलगा. तेथे लहान मुलांच्या श्वसनविकारांची एक पाहणी आधीपासून चालू होती म्हणून हा विषाणू पकडला गेला. एरवी ‘सर्दी-ताप’ म्हणून ते प्रकरण मिटले असते. तो मुलगा बरा झाला. जुलै २०२१ मध्ये मात्र हरियाणातील एका मुलाचा दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये एच-५ एन-१ ने मृत्यू झाला, तो देशातील पहिला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एक दोन वर्षांची मुलगी दगावली. जगात २००३ पासून या विषाणूची लागण झालेल्या माणसांची नोंदलेली संख्या नऊशेच्या पुढे गेली आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे मरण पावली आहेत. संख्या लहान आहे, प्रमाण भयंकर आहे. माणसाकडून माणसाकडे सहज जाण्याची कला हा विषाणू अजून शिकलेला नाही, एवढाच दिलासा.

हाँगकाँगने १९९७ मध्ये हा धोका प्रथम पाहिला. अठरा जणांना लागण झाली, सहा जण गेले, आणि तेथील सरकारने काही दिवसांत शहरातील सर्वच्या सर्व कोंबड्या मारून टाकल्या. आपल्याकडे असा निर्णय घेणे किती अवघड आहे हे कोणत्याही आठवडे बाजारात उभे राहिले की कळते. गटारीच्या आधी गावठी कोंबड्याला जो भाव येतो आणि देवाच्या राखणीला जो कोंबडा लागतो, तो शेडमधला नव्हे तर परसातला. परसातली कोंबडी दिवसभर उकिरडा, शेत आणि तळ्याकाठ फिरते, जेथे बगळे, बदके आणि कावळेही उतरतात. स्थलांतरित पाणपक्षी आणि गावठी कोंबडी यांची गाठ तेथेच पडते. शेड निदान जाळीने बंद असते.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि राज्यात पुन्हा बर्ड फ्लू जाहीर झाला. त्याच सुमारास मुंबई, ठाणे, बीड आणि कोकणातील दापोली येथे मेलेल्या कावळे-बगळ्यांतही तो सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या एच-५ एन-१ ने मेले. त्यांना दिल्या जाणाऱ्या कोंबडीच्या मांसाकडे संशयाचे बोट दाखवले गेले. आणि जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्याचीच पाळी आली. उरण तालुक्यातील चिरनेर, १९३०च्या जंगल सत्याग्रहासाठी इतिहासात नोंदले गेलेले गाव, बर्ड फ्लूमुळे बातम्यांत आले. गावातील पक्षी नष्ट करण्यात आले, भोवतालचा दहा किलोमीटरचा परिसर निगराणीखाली आला. चिरनेर पेणहून फार दूर नाही.

नियम असा आहे की रोग निश्चित झाल्यावर साधारण एक किलोमीटरच्या परिघातील पाळीव पक्षी मारायचे आणि मालकाला भरपाई द्यायची. भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. कागदावर हे उत्तेजन लवकर कळवणाऱ्याला आहे: जितक्या लवकर कळवाल तितके जास्त पक्षी जिवंत असताना मोजले जातील. प्रत्यक्षात गणित उलट चालते. चार कोंबड्या मेल्या तर कोणी दवाखान्यात कळवत नाही; उरलेल्या सोळा बाजारात नेऊन विकणे अधिक व्यवहार्य वाटते. कळवले तर सोळाही जातील, शेजाऱ्यांच्याही जातील, आणि गावाचा रोष वर मिळेल. मोठ्या शेडमध्ये अडचण आणखी निराळी. करारातील पक्षी कंपनीचे, तेव्हा पक्ष्यांची भरपाई आणि शेतकऱ्याचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी होतात. शेड महिनोन्‌महिने रिकामी राहिली तरी कर्जाचा हप्ता रिकामा राहत नाही. रिकाम्या शेडची भरपाई हा विषय नीट सोडवल्याशिवाय ‘तात्काळ कळवा’ या आवाहनाला अपेक्षित प्रतिसाद मिळणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला अफवा आहेत. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी आवई उठली आणि जिवंत कोंबडीचा भाव इतका कोसळला की खाद्याचा खर्चही निघेना. करोनाचा आणि कोंबडीचा काहीही संबंध नव्हता. खऱ्या बर्ड फ्लूच्या वेळीही नीट शिजवलेल्या मांसापासून धोका नसतो. ७० अंश सेल्सिअसच्या वर विषाणू मरतो आणि आपल्या रश्श्याला त्याहून कितीतरी जास्त आच लागते. धोका आहे तो जिवंत आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, मेलेली कोंबडी सोलणाऱ्याला, पिसे काढणाऱ्याला. म्हणजे गिऱ्हाईकापेक्षा दुकानातल्या पोऱ्याला.

दूध, वार आणि मलूल ताप

ब्रुसेलोसिस हा आजार बर्ड फ्लूसारखा गाजत नाही, कारण तो माणसाला क्वचितच मारतो. फक्त महिनोन्‌महिने निकामी करतो. संध्याकाळी ताप चढतो, रात्री घाम फुटतो, सांधे आणि कंबर दुखते, पुरुषांत वृषणाला सूज येते. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, मग क्षयाची औषधे सुरू होतात. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांच्या तापाचा शोध घेताना डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये या जंतूचा छडा लावला; पुढे तो शेळीच्या दुधातून येतो हे सिद्ध झाले.

आपल्याकडे दूध उकळूनच पितात, त्यामुळे एक वाट बंद आहे. दुसरी उघडी आहे. या जंतूने गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, आणि घरातला कोणीतरी कोपरापर्यंत उघडा हात घालून ती काढतो. त्या वारेत आणि स्रावात जंतूंची संख्या प्रचंड असते. पशुवैद्यक आणि पशुधन पर्यवेक्षक यांच्यात हा आजार वारंवार आढळतो तो याच कारणाने. गाभडलेले वासरू आणि वार उकिरड्यावर किंवा ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरावे, हातमोज्यांशिवाय हात घालू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताबरोबर ब्रुसेलाच्या लशीचाही समावेश आहे. ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना, आयुष्यात एकदाच देतात. लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याच्याच बोटात सुई गेली तर त्याला आजार होऊ शकतो, हे गावात लस टोचायला येणाऱ्या माणसाविषयी आदर वाढवणारे वास्तव आहे.

याउलट २०२२ मध्ये आलेला लम्पी त्वचारोग. गाईंच्या अंगावर गाठी पाहून अनेक घरांनी दूध बंद केले. हा रोग माणसाला होतच नाही. मात्र म्हशींच्या देवीचा रोग माणसाला होतो: धार काढणाऱ्याच्या बोटांवर फोड येतात. सोलापूर-कोल्हापूर भागात २००९च्या सुमारास त्याची साथ येऊन गेली. तो बहुधा आपोआप बरा होतो आणि म्हणूनच फारसा नोंदला जात नाही.

डुक्कर, वटवाघूळ, गोचीड

२००९ चा स्वाइन फ्लू पुण्याला विसरता येणार नाही. देशातील पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातील एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. त्या विषाणूची जुळणी डुकरांत झाली होती, ती मेक्सिकोत उजेडात आली. भारतात मात्र तो विमानाने, माणसांबरोबर आला. गावोगावच्या डुकरांना त्या वर्षी जे भोगावे लागले ते निष्कारण होते. डुकराचे महत्त्व वेगळेच आहे: त्याच्या श्वसनमार्गात पक्ष्यांचा आणि माणसांचा असे दोन्ही फ्लू रुजू शकतात, आणि एकाच पेशीत दोघे भेटले की त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊ शकते. १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह हा विषाणू वटवाघळांकडून डुकरांत आणि त्यांच्याकडून डुक्करपालकांत गेला, शंभराहून अधिक माणसे मेली आणि सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या संस्थेला निपाहच्या खुणा आढळल्या. महाराष्ट्रात माणसांत त्याची साथ आलेली नाही.

गोचिडांचा विषय लहान वाटतो, पण कोकणाला तो परका नाही. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात पोहोचला. माकडे त्याने मरतात, गुरे मरत नाहीत. परंतु जंगलात चरणारी गुरे गोचिडांना रक्त पुरवतात आणि त्यांची पैदास वाढवतात. गुजरातेत सानंदजवळ जानेवारी २०११ मध्ये देशातील पहिला काँगो ताप सापडला; रुग्ण स्त्रीबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. गुरांच्या अंगावरून ओढून काढलेला गोचीड दोन नखांत चिरडण्याची सवय सोडावी, ती यासाठी.

एक आरोग्य, दोन खाती

प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार अधिसूचित रोगाची शंका आल्यास ती कळवणे हे पशुमालकाचे कर्तव्य ठरते. जनावरांच्या आजारासाठी १९६२ हा विनाशुल्क क्रमांक आहे. जनावरांचे नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात, तेथून गरजेनुसार भोपाळला जातात. माणसांचे नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जातात. १९५२ पासून ही संस्था पुण्यातच आहे. म्हणजे आजारी कोंबडी आणि तिला सांभाळणारी बाई या दोघींचे नमुने एकाच शहरात जाऊ शकतात, पण दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या रस्त्यांनी. ही फट बुजवण्यासाठी ‘एक आरोग्य’ ही कल्पना जगभर मांडली गेली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली ती याच हेतूने.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या दुभत्या गाईंत एच-५ एन-१ सापडला, तेव्हा या कल्पनेची कसोटी श्रीमंत देशातही लागली. गाईंना फ्लू होईल अशी फारशी कोणाची अपेक्षा नव्हती. शेतावरच्या मांजरी कच्चे दूध पिऊन मेल्या, धार काढणाऱ्या कामगारांचे डोळे लाल झाले. कामगार बहुतेक स्थलांतरित, आजारी रजेचा पगार नसलेले. त्यामुळे तपासणीला येण्यास नाखूष. पेणच्या पोल्ट्रीत गाडी भरणाऱ्या आणि रोह्याच्या शेतात लावणी करणाऱ्या कातकरी मजुराची अडचण याहून वेगळी नाही. तापाने एक दिवस घरी राहिला तर त्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून तो तिसऱ्या दिवशी दुकानातून गोळी आणतो आणि सहाव्या दिवशी दवाखान्यात येतो. लेप्टोच्या रुग्णाची लघवी साधारणपणे याच सुमारास कमी होऊ लागलेली असते.